लाटणारीचा खांदा

पोळ्या लाटून कोणाचा खांदा जातो का, असं मला तोंडावर विचारलेलं आहे. विचारणाऱ्यांत एक डॉक्टरही होता. मी म्हणते, लाटून बघा. घरच्या चौघांच्या नव्हे, शेकड्याने. उजाडताना कणीक मळायला घ्यायची आणि दुपारचे डबे जाईपर्यंत मान वर करायची नाही. जरा टेकतोय तोवर संध्याकाळचं गिऱ्हाईक दारात. असं वर्षानुवर्षं करा आणि मग मला येऊन सांगा खांदा जातो की राहतो.

डोंबिवलीत आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. केंद्र म्हणजे नाव मोठं, गाळा एवढासा. माझे मिस्टर आणि धाकटे दीर एकाच कारखान्यात होते, तो बंद पडला तेव्हा आम्ही दोघी जावांनी हे सुरू केलं. कोणी काय करायचं ते सासूबाईंनी ठरवून दिलं. मी लाटायचं, धाकटीने भाजायचं. कारण काय, तर धाकटी साताऱ्याकडची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिची पोळी हातात धरून सासूबाई म्हणालेल्या, "हिला भाकरीचा हात आहे, पोळीचा नाही." खरं तर आम्ही कोकणातली माणसं, भातावर वाढलेली. आमच्याकडे तरी पोळ्यांचं असं काय मोठं लागून गेलेलं? पण त्या बोलल्या ते बोलल्या. पुढे सासूबाई गेल्या, त्यांचं वाक्य मागे राहिलं.

गाळ्यात माझ्या उजव्या हाताला भिंत आणि डाव्या हाताला धाकटीचा तवा. पोळी लाटून झाली की मी ती न बघता डावीकडे द्यायची आणि तिने न बघता घ्यायची. आमचं हे काम बघायला बाहेर गिऱ्हाईक थांबायचं. कौतुक कोणाला आवडत नाही? मलाही आवडायचं. भाजी आज खारट झाली, तिखट झाली, असं कोणी म्हणालं तर म्हणू दे. पोळीला मात्र कधी कोणी नाव ठेवलं नाही.

आजार येतो हत्तीच्या पावलांनी आणि जातो मुंगीच्या पावलांनी म्हणतात. माझा आलाच मुंगीच्या पावलांनी. आधी नुसतं जड वाटायचं. मग रात्री उजव्या कुशीवर झोपता येईना. मग वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. शेवटी हात डोक्यामागे जाईना, म्हणजे साधा आंबाडा घालता येईना. मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेलेली, मिस्टरांना वेणीफणी सांगायची तर त्यापेक्षा केस कापलेले बरे. मग मी केस मोकळेच घेऊन गाळ्यावर यायची आणि शेगडी पेटवायच्या आधी धाकटी माझा आंबाडा घालून द्यायची. कंगवा ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवायची. आंबाडा घट्ट घालायची, दिवसभर सुटायचा नाही.

उपाय काय कमी केले? बाम झाला, तेल झालं, मालीशवाली झाली. ती बाई इतकं रगडायची की खांद्याचं दुखणं विसरून मी बाकीचं अंग धरून बसायची. मग हाडांचे डॉक्टर. त्यांनी फोटो काढला, सोनोग्राफी केली, म्हणाले, फाटलंबिटलं काही नाही, स्नायूच्या दोरीला सूज आहे, आराम करा. त्यांनी इंजेक्शन दिलं, थोडे दिवस बरं वाटलं, परत तेच. परत गेले तर परत म्हणाले, आराम करा. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आराम करा म्हणजे नक्की काय करा, ते कोणी लिहून देत नाही. दोन घरं या एका हातावर चाललेली. हात गेला की केंद्र गेलं. आणि माझ्यापुरतं बोलायचं तर, लाटणं हातात नसेल तर त्या गाळ्यात मी कोण? गल्ल्यावर बसणारी म्हातारी. ती भीती मी कोणाला सांगितली नव्हती, पण मला ती खांद्यापेक्षा जास्त छळायची.

धाकटी एकदा म्हणालेली, "ताई, थोडा वेळ मी लाटू का?"

मी म्हटलं, "तू तवा सांभाळ."

तिने तवा सांभाळला.

माझी मुलगी घोडबंदर रोडला एका ऑफिसात काम करते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून तिची मान धरायची, ती कुठल्याशा ऑस्टिओपॅथकडे जायला लागलेली. तो शब्द मला आधी म्हणताच येईना. मी म्हटलं, हाडवैद्य का? म्हणाली, नाही. फिजिओ का? म्हणाली, तसंही नाही गं, ती हातांनीच बघते आणि हातांनीच करते, तू ये तर खरी. मी म्हटलं, मला वेळ कुठे आहे? तिने मला न विचारता सोमवारची अपॉइंटमेंट घेऊन टाकली. सोमवारी दुपारनंतर आमचं केंद्र बंद असतं. तो अर्धा दिवस मी झोपून काढायची, तोही गेला.

डोंबिवलीहून ठाण्याला आणि तिथून घोडबंदर रोडच्या बसने. बसायला जागा नाही, वरचा दांडा धरायला हात वर जात नाही. डाव्या हाताने धरायचा तर पर्स कुठे ठेवायची? बस ट्रॅफिकमध्ये जी उभी राहिली ती राहिलीच. एवढं करून तिथे पोचेपर्यंत माणूस धडधाकट असला तरी आजारी पडेल, असं मी मुलीला फोनवर सुनावलं.

दवाखाना एका टॉवरच्या खाली होता. आत एसी, पांढऱ्या चादरीचं टेबल आणि मुलीच्या वयाची एक मुलगी. मला काकू म्हणाली. आधीच सांगितलं की मी गोळ्या देत नाही, इंजेक्शन देत नाही, तुमचे रिपोर्ट मात्र नीट बघणार. रिपोर्ट बघितले. मग प्रश्न सुरू. कुठल्या कुशीवर झोपता, बाळंतपणं कशी झाली, कधी पडलात का, पिशवी कुठल्या हातात धरता, दात दुखतात का. मी म्हटलं, "अगं, खांदा इथे आहे." हसली आणि मला झोपवलं.

आणि खांद्याला हातच लावेना. पाठ बघतेय, बरगड्या बघतेय, कमरेखाली हात घालून नुसती थांबतेय. मला वाटलं, झालं, गेला आपला सोमवार. तेवढ्यात ती म्हणाली, "काकू, खांदा रडतोय, पण त्याला मारतंय दुसरंच कोणीतरी. तुमची मधली पाठ हलतच नाही. ती वळत नाही म्हणून सगळं एकट्या हाताला करावं लागतं." मग मला कुशीवर वळवून तिने खांद्यामागचं चपटं हाड दोन्ही हातांत धरलं आणि हळूहळू फिरवायला लागली. म्हणायची, "माझ्या हाताला थोडं ढकला, आता सोडा, परत ढकला, सोडा." असं कितीतरी वेळ. शेवटी बसवलं, हात छातीशी घडी करायला लावले, श्वास सोडा म्हणाली, आणि पाठीत कट् झालं. मी घाबरून तिचा हात धरला. दुखलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला रडू आलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं. कितीतरी वर्षांत माझ्या अंगाला कोणी इतक्या सावकाश हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र सगळं अंग ठणकत होतं. मुलीला फोन करून परत सुनावलं.

त्या सोमवारी मी निघताना दवाखान्यातल्या मुलीने विचारलेलं, "काम कसं करता ते दाखवाल?" मी उभ्या उभ्या हवेत लाटून दाखवलं. ती म्हणाली, असंच? मी म्हटलं, असं नाही, हवेत कसं कळणार, हाताखाली काही नको? म्हणून पुढच्या वेळी मी पोळपाट-लाटणं घेऊन गेले. कापडी पिशवीतून लाटण्याचं टोक बाहेर आलेलं. बसमधल्या बायका टकमका बघताहेत. धाकटीने सकाळीच कणकेचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात दिलेला. कशाला हवाय, असं तिने विचारलं नाही.

त्या मुलीने टेबलावरचा लॅपटॉप उचलला, फाईली उचलल्या. मी लाटायला लागले. ती आधी मागे उभी राहिली, मग चक्क खाली फरशीवर बसून माझे पाय बघायला लागली. सवयीने माझी एकेक पोळी डावीकडे जात होती, तिथे तिच्या प्रिंटरवर. प्रिंटरवर पोळ्यांची चळत झाली. ती म्हणाली, "लाटताना तुम्ही उजवी टाच उचलता. श्वास धरून ठेवता. आणि दर पोळीला डावीकडे वळता. उजवीकडे कधी वळता?"

मी म्हटलं, "उजवीकडे कशाला वळू? उजवीकडे भिंत आहे."

ती हसेल असं वाटलेलं. हसली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, उजवीकडे वळून दाखवा. मी वळले आणि कुठेतरी मध्येच अडकले. भिंत नव्हती तरी अडकले. इतकी वर्षं मला पत्ताच नव्हता.

तेव्हा तिने स्पष्ट सांगितलं. मी तुम्हाला मोकळं करीन, व्यायाम देईन, खांद्यावरचा भार कमी होईल. पण तुम्ही परत तिथेच उभं राहून तसंच केलंत तर परत तेच होणार, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही. पोळपाटाचं टेबल थोडं खाली घ्या. सूज उतरेपर्यंत लाटणं बंद. नंतर आलटून पालटून. "दोघी आहात ना?"

मी म्हटलं, "तिला पोळीचा हात नाही."

"कोण म्हणालं?"

"सासूबाई."

मलाच माझं उत्तर कसंसं वाटलं.

परतताना ठाण्यात खोपटजवळ बस अडकून राहिली आणि मी विचार करत बसले. लाटायला दुसरी बाई ठेवायची? मिळते कुठे, मिळाली तर टिकते कुठे? तयार पोळ्या आणून विकायच्या? त्यापेक्षा शटर ओढलेलं बरं. सगळं फिरून धाकटीपाशीच यायचं. तिच्या पोळ्या कशाही होऊ देत, चार गिऱ्हाईकं तुटतील, तुटू देत. इतकी मी थकलेले की हरायचं ठरवून टाकलं.

मंगळवारी सकाळी तिने माझा आंबाडा घातला. मी म्हटलं, "आजपासून तू लाट. मी तवा बघते." तिने पदर खोचला, हात धुतले आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. मी तव्यापाशी उभी राहून मनाची तयारी करत होते की आता नकाशे येणार, आपण काही बोलायचं नाही.

पहिली पोळी आली. गोल, पातळ, कडेपासून मध्यापर्यंत सारखी. तव्यावर टाकली तर टम्म फुगली. दुसरी तशीच. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता, हे मला तव्यावरूनच कळलं.

मी विचारलं, "हे कधी शिकलीस?"

ती म्हणाली, "शिकायचं काय त्यात ताई? घरी रोज लाटतेच की."

अरे हो की. दिवसभर इथे भाजून झालं की ती घरी जाऊन चौघांच्या पोळ्या करत होती. दीर आणि मुलं काय उपाशी झोपत होती? सणासुदीला सगळे आमच्याकडे जेवायचे, घर मोठं म्हणून. तिच्याकडे कधी गेलेच तर डब्यात पोळ्या दिसायच्या, आणि मला खुशाल वाटायचं की गाळ्यावरच्या नेल्यात. माझ्याच हातच्या. मी चवीने खाल्ल्याही असतील.

तव्यावरची पोळी करपली. तीच पहिली करपलेली, आणि ती माझी.

गिऱ्हाईकांचं म्हणाल तर कोणाच्या लक्षातही आलं नाही. एक आजोबा वर म्हणाले, हल्ली पोळ्या जास्त मऊ असतात, गहू बदललात का? त्या दिवशी घरी गेल्यावर मी जेवले नाही. राग कोणाचा आलेला तेही कळत नव्हतं. केंद्र वाचलेलं, दोन्ही घरं वाचलेली, मग आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण जरा उशिराने.

तव्याचं काम मी सोपं समजत होते. तसं ते मुळीच नाही. वाफ सरळ तोंडावर येते. मान सतत खाली. बोटांची टोकं आधी भाजतात, मग बधिर होतात. संध्याकाळी पाण्याचा ग्लास धरला तर गार की गरम ते कळेना. हे ती इतकी वर्षं करत होती आणि वर माझा आंबाडा घालत होती. एक मात्र झालं, पोळी घ्यायला आता मला उजवीकडे वळावं लागायचं. दिवसभर वळत राहिले. पाठ हळूहळू वळायला लागली.

सोमवार चालू होते. ती मुलगी बरगड्या मोकळ्या करायची, मान मोकळी करायची, श्वास कसा सोडायचा ते लहान पोराला शिकवावं तसं शिकवायची. कधी वाटायचं काहीच होत नाही, बसभाडं वाया चाललंय. कधी एका दिवसात हात चार बोटं जास्त वर जायचा. चमत्कार वगैरे काही नाही. दुखणं जातं तेसुद्धा कंटाळत कंटाळत जातं. एका सकाळी गाळ्यावर शेगडीसमोर उभी होते, धाकटी कंगवा घेऊन मागे आली, आणि माझे हात आपोआप मागे गेले. आंबाडा मीच घातला. सैलच झाला, पण झाला. वळून बघितलं तर ती हसत होती. कंगवा तिने परत पर्समध्ये टाकला आणि कणीक घ्यायला गेली.

परवाच्या सोमवारी त्या मुलीने माझा हात सगळीकडून फिरवून बघितला. म्हणाली, आता दुखलं तरच या. मी तिच्यासाठी पोळ्या नेलेल्या. तिने डबा उघडला, वास घेतला, विचारलं, "आता लाटतं कोण?"

"धाकटी जाऊ."

"सगळ्या?"

"सगळ्या. तिचा हात छान बसलाय."

"काकू, मी आलटून पालटून म्हणालेले."

मी काहीबाही बोलले. टेबल खाली घ्यायला जमलं नाही, गर्दी होती, सणाच्या ऑर्डरी होत्या. तिने ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "त्यांचं काय दुखतं?"

मी तिला कधी विचारलंच नव्हतं. माझा खांदा, माझी पाठ, माझा सोमवार, घरात-गाळ्यात महिनोन् महिने दुसरा विषय नव्हता. माझी कोणती बरगडी जखडलीय ते मिस्टरांपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. आणि हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या बाईचं काय दुखतं, ते मला माहीत नव्हतं. बसमध्ये त्या एका प्रश्नाने माझा जीव खाल्ला. उजव्या हाताने वरचा दांडा धरून उभी होते, आणि त्याचं सुख काही वाटेना.

मंगळवारी पोळ्या सुरू झाल्या तसं मी विचारलं, "तुझं काय दुखतं गं?"

"कोणाचं?"

"तुझं. दुसरं कोण आहे इथे?"

तिने लाटता लाटता सांगितलं. जणू भाजीत मीठ किती घातलं ते सांगतेय. मान तर आधीपासूनच होती, तव्याची. आता उजवा खांदा. नुसतं जड वाटतं. रात्री त्या कुशीवर झोपलं की जाग येते. विशेष काही नाही.

विशेष काही नाही. मी तिच्या पायांकडे बघितलं. उजवी टाच उचललेली. पोळी लाटून झाली, ती न बघता डावीकडे वळली आणि मला पोळी दिली. मी घेतली, तव्यावर टाकली, शेगडी बारीक केली आणि तिच्याजवळ गेले.

मी म्हटलं, "सरक. मी लाटते."

ती सरकली नाही. मला वाटलं, ऐकलं नसेल. म्हणून मी लाटण्याला हात लावला. तिने ते सोडलं नाही.

"नको ताई," ती म्हणाली. "आत्ता कुठे माझ्या हातात आलंय."